संजीवनापूर्वीचे सहा महिने



मागच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या कमिटीपुढे एक विषय आला. बुधवारची संध्याकाळची प्रार्थनासभा चालू ठेवावी की नाही? "बंद करावी" असे कोणी म्हटले नाही. चर्चमध्ये असे शब्द सहसा कोणी वापरत नाही. "रविवारच्या उपासनेत सामावून घ्यावी" असे म्हटले गेले. आणि हा विषय मांडणारा मीच होतो. कॅटेकिस्ट म्हणून ती सभा गेली साडेतीन वर्षे मी चालवतो, हजेरीही मीच लिहितो. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. पहिल्या नाताळापर्यंत चौदा झालो. मग कोणाच्या मुलांच्या क्लासची वेळ आडवी आली, कोणाची बदली पीथमपूरला झाली, कोणाचे गुडघे दुखू लागले. आता तिघे उरलो आहोत. त्यांत एक मी, आणि मला तर यावेच लागते.

ही सभा सुरू केली ती एकाच विषयासाठी. आमच्या मंडळीत आत्मिक संजीवन यावे. वरवर पाहिले तर आमचे बरे चालले आहे. रविवारी बाके भरतात, दृढीकरणाला मुले असतात, हार्वेस्टच्या लिलावात एकेक भोपळा हजाराला जातो. पण मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत, ते दोन वेगळ्या दारांनी आत येतात, एकाच मेजाजवळ गुडघे टेकतात, एकाच प्याल्यातून घेतात आणि पुन्हा दोन दारांनी घरी जातात. त्यांतला धाकटा भाऊ मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. वडिलांच्या घराची वाटणी हे कारण. तपशिलात शिरत नाही, कारण शिरलो की मला माझीच बाजू बरोबर वाटायला लागते.

असे बरेच काही आमच्यात आहे. देव एक दिवस हे सगळे हलवील, असे मला वाटे. साडेतीन वर्षांत माझ्या डोळ्यांना काही हललेले दिसले नाही.

पाळकसाहेबांनी निर्णय महिनाभर पुढे ढकलला आणि मला एक काम दिले. म्हणाले, "तुझा बी.ए.ला इतिहास होता ना? एका रविवारी मंडळीला केडगावविषयी सांग. मग ठरवू." मला वाटले, हे तर सोपे आहे. केडगावची गोष्ट कोणत्या मराठी ख्रिस्ती घरात ठाऊक नाही?

मला ठाऊक होती ती अशी. २९ जून १९०५. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. रात्री झोपलेल्या मुलींपैकी एकीवर पवित्र आत्मा उतरला. दुसऱ्या मुलीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली, म्हणून ती पाण्याची बादली आणायला धावली, आणि ओतणार तोच तिला कळले की हा जाळणारा अग्नी नव्हे. पहाटे साडेतीनच्या सुमारास मेट्रनने मिनी अॅब्रम्सबाईंना ही बातमी दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या आठव्या अध्यायावर शिकवीत होत्या, तेव्हा सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. संडे स्कूलमध्ये बाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा बादलीपाशी थोडे थांबायच्या, आणि आम्ही सगळी मुले श्वास रोखून बसायचो.

या वेळी तयारी करताना मात्र मी बादलीच्या मागे गेलो आणि तिथेच अडकलो.

गोष्ट जूनमध्ये सुरू होत नाही. ती जानेवारीत सुरू होते. वेल्समध्ये १९०४ साली संजीवन आले होते. ऑस्ट्रेलियातल्या मंडळ्यांविषयीही रमाबाईंनी ऐकले होते, आणि तिथे काय घडते आहे ते पाहायला कन्या मनोरमा व अॅब्रम्सबाई यांना पाठवले होते. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना संजीवनाची गरज समजावून सांगितली आणि विचारले, रोज माझ्याबरोबर या एका गोष्टीसाठी प्रार्थना करायला कोण येईल? ७० जणी पुढे आल्या. मग हळूहळू आणखी येत गेल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली होती. जूनमध्येच बायबल शाळेतल्या मुलींना विचारले गेले की इतर अभ्यास बाजूला ठेवून खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल. तीस जणी तयार झाल्या. त्या रोज सामर्थ्यासाठी प्रार्थना करीत होत्या, आणि अग्नीची ती रात्र आली ती त्यानंतर.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. केडगाव दौंड तालुक्यातले, पावसाची वाट पाहणारे गाव. मी एकदा पुण्याला लग्नाला गेलो असता दौंडकडे जाणाऱ्या गाडीने तिथे उतरलो होतो, तेही मे महिन्यात. स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत घसा कोरडा पडला. अशा उन्हात दिवसातून दोन वेळा शेकडो मुली जमत होत्या आणि सांगण्यासारखे काहीच घडत नव्हते. त्या महिन्यांवर मी तरी कोणाचे प्रवचन ऐकलेले नाही. मी स्वतःही कधी केलेले नाही.

आता खरे सांगायचे तर हे वाचून मला उत्तेजन मिळाले नाही, उलट लाज वाटली. त्यांचे ७० चे ५५० झाले, आमचे चौदाचे तीन. हजेरीचा आकडा हाच देवाचा कौल असेल, तर तो कौल लागलेला आहे आणि सभा बंद करणेच बरोबर आहे. त्या रात्री मी जवळजवळ याच निष्कर्षावर येऊन झोपलो.

सकाळी दुसराच प्रश्न मनात आला. या ७० जणी होत्या तरी कोण?

रमाबाई स्वतः विधवा. आई, वडील आणि मोठी बहीण दुष्काळात गेलेली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले ते उच्चवर्णीय विधवांसाठी, ज्यांत कोवळ्या वयाच्या मुलीही होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आणून ठेवले. पुढे छपन्याचा दुष्काळ पडला. आमच्या माळव्यातली म्हातारी माणसे त्याचे नाव काढताना आवाज खाली आणीत, असे माझे आजोबा सांगत. तेव्हा गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. म्हणजे १९०५ साली त्या मंदिरात जमिनीला डोके टेकणारी प्रत्येक मुलगी कधी ना कधी कोणाच्या तरी दारात उभी राहिलेली होती. भाकरीसाठी, निवाऱ्यासाठी, किंवा नुसते जिवंत राहू द्या म्हणून. पुष्कळ दारे तिच्या तोंडावर बंद झालेली होती.

लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा मला पहिल्यांदा तेव्हा दिसली. ती न्यायाधीशाकडे आशीर्वाद मागायला जात नाही, न्याय मागायला जाते. आपण "चिकाटीची प्रार्थना" असे छान नाव देतो आणि त्या बाईला जणू शिस्तप्रिय भक्त करून टाकतो. तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता, म्हणून ती रोज जात होती.

या दाखल्याबाबत माझी एकदा चांगली फजिती झाली होती. २०२४ च्या जानेवारीत मी बुधवारी हाच भाग घेतला होता आणि नुकतेच घडलेले उदाहरण दिले होते. आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची थकलेली देणी मिळावीत म्हणून तीस वर्षे खटले, अर्ज, सभा चालल्या. शेवटी २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बरोबर नाताळच्या दिवशी, सुमारे ४,८०० कामगारांसाठी जवळपास २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, पाहा, ठोठावत राहिले, दार उघडले, आणि तेही तारणाऱ्याच्या जन्मदिवशी.

आमच्यात एक मावशी आहेत. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे यजमान शहरातल्याच एका कापड गिरणीत साच्यावर होते, फार वर्षांपूर्वी वारले. त्यांनी हात वर केला आणि विचारले, "अन् तीस वर्षांत जे मेले, त्यांचं काय रे?"

मी काहीतरी बोललो. वारसांना मिळेल वगैरे. त्या गप्प राहिल्या, पण मला कळले की मी प्रश्न टाळला आहे. मावशी त्या वेळी गिरणीविषयी विचारीत नव्हत्या, हे मला पुढे समजले.

आमच्या सभेची एक वही आहे. तीन रकाने: तारीख, विषय, उत्तर. नोकरी लागली की मी बरोबरची खूण करतो, ऑपरेशन नीट झाले की खूण करतो. वहीच्या अगदी पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, मावशींच्या मुलाचे नाव होते. विषय: दारू. आमची सभा साडेतीन वर्षांची. मावशी त्याच्याही आधीपासून, सगळी मिळून एकोणीस वर्षे, हीच प्रार्थना करीत होत्या. दर बुधवारी तेच नाव, जवळजवळ तेच शब्द. त्यांत एक वाक्य ठरलेले असे: "त्या बाईपासून माझ्या लेकराला सोडव." ती बाई म्हणजे त्यांची सून. आठ वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन देवासला निघून गेली. मावशी मानत की मुलगा तिच्यापायी पितो. दारू लग्नाआधीपासूनची होती हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होते. त्या वाक्यावर आम्ही सगळे आमेन म्हणत असू.

मागच्या पावसाळ्यात मुलगा गेला. लिव्हर. दफनविधीला मावशी रडल्या नाहीत.

त्या रविवारी रात्री मी वही काढली, पट्टी लावली आणि ते नाव खोडले. उत्तराच्या रकान्यात काय लिहायचे? पेन घेऊन बराच वेळ बसलो. रकाना तसाच ठेवला. मला वाटले, मावशी आता येणार नाहीत, आणि आल्या तर मला त्यांना काही सांगता येणार नाही. देवाने ऐकले असे म्हणू? ऐकले नाही असे म्हणू? त्याची इच्छा, असे म्हणणे तर सगळ्यांत सोपे, आणि ते मी दफनभूमीत म्हणूनही झालो होतो.

तिसऱ्या बुधवारी त्या आल्या. चप्पल काढली, खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि वही मागितली. पहिले पान उघडले.

"खोडलंस?"

"मावशी, आता..."

"बरोबर केलंस. त्याच्याखाली तिचं लिही."

मला समजेना. "कोणाचं?"

"सुनेचं."

आणि त्यांनी तिचे नाव घेतले. मी ते नाव त्यांच्या तोंडून आठ वर्षांत ऐकले नव्हते. मी लिहीत असताना त्या बोलत होत्या, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "आधी आधी मी देवाला सांगायची. याला सुधार, हिला दूर कर. नंतर नंतर तोच मला विचारायला लागला. मी ऐकू न आल्यासारखं करायची. एकोणीस वर्षं मी त्याच्या दारात, अन् किती वर्षं तो माझ्या दारात, ते त्यालाच माहीत."

घरी येऊन मी हजेरीवरून हिशेब काढला. "त्या बाईपासून सोडव" या वाक्याला मी शंभराहून जास्त वेळा आमेन म्हटले होते. त्या सुनेला दृढीकरणासाठी मीच शिकवले होते. तिने तेव्हा प्रश्न फार विचारले होते, एवढे मला आठवते. ती देवासला गेली तेव्हा आमच्या मंडळीतले कोणी तिला भेटायला गेले नाही. देवास इथून चाळीस किलोमीटरही नाही. मी त्या रस्त्याने किती वेळा गेलो असेन.

केडगावला संजीवन आले तेव्हा काय झाले, ते मी या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचले. लोक अग्नी आणि गलबला लक्षात ठेवतात. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात यावर तेव्हा टीकाही झाली. पुष्कळ मिशनऱ्यांना तो प्रकार रुचला नाही. रमाबाईंनी मुलींना दडपले नाही. पण त्या गलबल्यात मुली बोलत काय होत्या? आपली पापे कबूल करीत होत्या. खोटे बोलणे, चोरी, द्वेष, एकमेकींविषयी मनात धरलेले. शाळेचे तास बाजूला राहिले आणि मुली रडत राहिल्या. बाहेरच्या जगाच्या तारणासाठी पाच महिने मागितले, आणि पहिले दार उघडले ते मागणाऱ्यांच्याच घराचे. खेड्यांत जाणाऱ्या तुकड्या त्यानंतर निघाल्या.

रमाबाईंचे स्वतःचेही तसेच. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडमध्ये वाँटेज इथे. आपल्या साक्षीत त्या सांगतात की त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळायला पुढे आठ वर्षे लागली. एवढी विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला "सरस्वती" म्हटले, तिला आठ वर्षे. मंडळीत आम्ही दृढीकरणाचा वर्ग तीन महिन्यांत संपवतो. आणि संजीवन येऊन गेल्यावर त्यांनी काय केले? बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, जवळजवळ दीड तप बसून राहिल्या. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक. तरी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. अग्नीचा एक दिवस, आणि मागेपुढे ही अशी वर्षे.

म्हणून हल्ली भिंतींवर "तीन दिवसांची संजीवन सभा" अशी जाहिरात आणि वर वक्त्याचा फोटो दिसला की मला थोडी अडचण वाटते. सभा घ्यावी, अवश्य घ्यावी. पण तारीख छापून संजीवन येत असते, तर रमाबाईंनी जानेवारीतच पत्रक काढले असते.

मागे वळून मावशींविषयी सांगतो. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, नाव तेवढे नको म्हणाल्या.

त्या विजयनगर चौकातून बस धरून एका शनिवारी देवासला गेल्या. सुनेने जाळीच्या दारातून पाहिले आणि आतले दार लावून घेतले. मावशी अर्धा तास जिन्यावर बसल्या आणि परत आल्या. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा गेल्या. शेजारणीने पाणी दिले. तिसऱ्यांदा नात घरी होती, बारावीत आहे. ती म्हणाली, मम्मी ड्यूटीवर आहे, आणि दार अर्धे धरून उभी राहिली. मी म्हटले, मावशी, मी येऊ का बरोबर? "नको. तू आलास तर चर्चचं माणूस आलं असं तिला वाटेल." हे मला बोचले, पण त्यांचे बरोबर होते. चौथ्यांदा सून स्वतः होती. आत बोलावले. फारसे बोलली नाही. चहा केला.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"काही नाही. पण चहात साखर घातली नव्हती. माझी शुगर तिला आठवत होती."

गेल्या रविवारी मी केडगाववर बोललो. जानेवारीपासून सुरुवात केली, बादली शेवटी आली. उपासनेनंतर दोघांनी चांगली माहिती दिलीत म्हणून हात मिळवला, एकाने रमाबाईंचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागितला. बाकी नेहमीसारखा रविवार. माझा भाऊ नेहमीच्या दाराने बाहेर गेला. कमिटीपुढचा माझा प्रस्ताव मी मागे घेतला आहे; कमिटी शनिवारी काय ठरवील ते मला माहीत नाही.

काल बुधवार होता. मावशी देवासला गेल्या होत्या, नातीची परीक्षा आहे म्हणून दोन दिवस राहणार. सभेला आम्ही दोघेच. सात वाजले, तरी सवयीने मी पाच मिनिटे दाराकडे पाहिले. मग वही उघडली, तारीख घातली आणि विषयाच्या रकान्यात थोरल्या भावाचे नाव लिहिले. अक्षर जरा बिघडले. समोर बसलेल्या भगिनीने ते वाचले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि गुडघे टेकले.